शरणपूरची मुले आणि त्यांचा इतिहास लिहिणारे

सारसोळे गावाच्या जेटीवर संध्याकाळी उभे राहिले की समोर खाडी आणि परतणाऱ्या कोळीबांधवांच्या होड्या दिसतात. तेथून पामबीच मार्गाने करावे गावाच्या बाजूस गेले की व्यापारी नौकांवर अधिकारी होऊ पाहणाऱ्या मुलांची ‘चाणक्य’ ही प्रशिक्षणसंस्था लागते. १९२७ सालची ‘डफरिन’ आणि १९७२ पासूनची ‘राजेंद्र’ या दोन प्रशिक्षण-नौकांचा वारसा १९९३ मध्ये येथे किनाऱ्यावर उतरला. येथील ख्रिस्ती कुटुंबांतही वर्षातले सहा-आठ महिने बोटीवर असणारा पिता किंवा पुत्र ही नवलाची गोष्ट नाही. मिस्सामध्ये समुद्रावर असलेल्यांसाठी प्रार्थना म्हटली जाते, तेव्हा काही बाकांवरचे डोळे मिटतात ते केवळ भक्तीने नव्हे.

अशाच एका कुटुंबातील भगिनीने काही दिवसांपूर्वी मला एक छायाचित्र दाखविले. तिच्या पतीची बोट लिव्हरपूलला लागली असताना त्याने ते पाठविले होते. उंच मनोऱ्याची एक अवाढव्य जुनी इमारत त्यात होती. ती म्हणाली, ‘फादर, हे म्हणे बोटीवर मेलेल्यांच्या पोरांचं अनाथालय होतं. आपल्याकडे असं काही होतं का? आणि असलं, तर त्या पोरांचं पुढं काय झालं?’

तिने दोन प्रश्न विचारले होते. पहिल्याचे उत्तर ग्रंथालयात मिळते. दुसऱ्याचे उत्तर शोधू गेल्यावर मला जे जाणवले ते इतिहासापेक्षा इतिहासलेखनाविषयी अधिक आहे. म्हणून प्रस्तुत लेख समीक्षेच्या अंगाने लिहीत आहे. समीक्षा एका ग्रंथाची नाही. एका अनाथाश्रमाविषयी गेल्या दीडशे वर्षांत जे लिहिले गेले त्याची आहे.

प्रथम त्या छायाचित्राविषयी. लिव्हरपूलच्या जहाजमालकांनी व व्यापाऱ्यांनी १८६९ साली नाविकांच्या अनाथ मुलांसाठी एक संस्था सुरू केली. न्यूशॅम पार्क येथील तिची भव्य वास्तू आल्फ्रेड वॉटरहाउस या वास्तुशिल्पकाराने रचली आणि १८७४ मध्ये राणी व्हिक्टोरियाचे चिरंजीव, एडिंबरोचे ड्यूक आल्फ्रेड, यांच्या हस्ते ती उघडण्यात आली. १९४९ साली तो आश्रम बंद झाला. त्या काळी इंग्लंडच्या व्यापाराची किंमत नाविक आपल्या प्राणांनी मोजत असत. क्षमतेपेक्षा अधिक माल भरलेली, विमा उतरवलेली कुजकी जहाजे समुद्रात लोटली जातात, असा आरोप सॅम्युएल प्लिम्सॉल यांनी १८७३ साली पुस्तक लिहून केला, तेव्हा कोठे १८७६ च्या कायद्याने जहाजाच्या कुशीवर भाररेषा रंगविणे सक्तीचे झाले. ज्या व्यवसायाने मुले पोरकी होत, त्याच व्यवसायाच्या नफ्यातून त्यांना घर मिळे. व्हिक्टोरियन दयेत ही गाठ पहिल्यापासून आहे. ती दया खोटी होती असे मी म्हणत नाही. परंतु तिचा हिशेब लिहिणारा नेहमी दाताच होता, एवढे ध्यानात ठेवले पाहिजे.

हेच राजपुत्र १८७० साली मुंबईस आले होते आणि त्यांनी येथील नाविकगृहाची कोनशिला बसविली होती. १८७६ मध्ये पूर्ण झालेले ते ‘रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम’ पुढे विधिमंडळाचे सभागृह झाले आणि आज त्यात महाराष्ट्र पोलिसांचे मुख्यालय आहे. पण ते घर प्रौढ खलाशांसाठी होते. मुलांच्या शोधात आपल्याला मुंबई सोडून घाट चढावा लागतो आणि नाशिकला जावे लागते. तेथे जी मुले भेटतात ती खलाशांची मुले नव्हेत. खलाशांनी समुद्रावरून उचलून आणलेली ती मुले आहेत.

०

नाशिकच्या रहिवाशांना शरणपूर रोड ठाऊक आहे. दुकाने, बँका, दवाखाने यांनी गजबजलेल्या त्या रस्त्याला हे नाव कशावरून पडले, हे मात्र थोड्यांना ठाऊक असेल. अँग्लिकन पंथाच्या चर्च मिशनरी सोसायटीचे काम नाशकात १८३२ पासून चालू होते. १८५४ साली रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी शहराबाहेर एक ख्रिस्ती वसाहत वसविली आणि तिला शरणपूर हे नाव दिले. शेती, कारखाना, शाळा आणि चर्च अशी तिची रचना होती. १८६० च्या सुमारास या वसाहतीत आफ्रिकन मुलांचा आश्रम उभा राहिला.

ही मुले नाशिकपर्यंत कशी आली? पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसे पकडून झांझिबार, अरबस्तान व इराणी आखात येथे विकण्याचा व्यापार त्या काळी जोरात होता. ब्रिटिश आरमाराच्या गस्ती नौका, आणि १८६३ पर्यंत मुंबईच्या ‘इंडियन नेव्ही’च्या नौकाही, ही गलबते अडवीत आणि त्यांतील माणसांना मुक्त करीत. मुक्त केलेल्यांपैकी अनेकांना मुंबईत आणून उतरविले जाई. प्रौढांना कोठेतरी मजुरी मिळे. पुष्कळांना पुन्हा समुद्रावरच काम मिळे. १८६४ साली मुंबईत सुमारे २,००० आफ्रिकन होते आणि त्यांतील निम्म्याहून अधिक खलाशी किंवा समुद्राशी निगडित अन्य कामे करणारे होते. परंतु सात-आठ वर्षांच्या मुलाचे काय करायचे? त्याचे गाव सरकारला ठाऊक नाही, त्याची भाषा कोणाला कळत नाही, त्याचे आईबाप जिवंत आहेत की नाहीत हे त्याला स्वतःलाही ठाऊक नाही. अशी मुले सरकार मिशनसंस्थांच्या स्वाधीन करी. त्यांतील कितीतरी शरणपूरला पोहोचली.

तेथे त्यांना अक्षरओळख झाली. सुतारकी, लोहारकी, गवंडीकाम असे हातचे काम मिळाले. मुलींना शिवण व स्वयंपाक शिकविला गेला. इंग्रजी तर शिकविलीच, आणि भोवतालच्या मराठी-हिंदुस्थानीचा शेजार त्यांना होताच. त्यांचा स्नानसंस्कार झाला आणि त्यांना नवी नावे मिळाली.

या नावांपाशी वाचकांनी क्षणभर थांबावे. पश्चिम भारतात काम करणाऱ्या त्या सोसायटीच्या मिशनऱ्यांमध्ये आयझेनबर्ग, डाइमलर, फॅरर आणि प्राइस ही नावे आढळतात. आता मुलांची नावे पाहा : रिचर्ड आयझेनबर्ग, जेम्स डाइमलर, कॅरस फॅरर, सायमन प्राइस. आश्रमातल्या मुलाला पालकाचे आडनाव मिळणे ही एका परीने मायेची गोष्ट आहे. ज्याला घर नाही त्याला आपले घर देणे आहे. पण त्याच क्षणी एक दुसरी गोष्टही घडते. मुलाच्या आईने त्याला ज्या नावाने हाक मारली होती ते नाव वहीच्या बाहेर राहते. शोध घेणाऱ्याचा मार्ग येथे खुंटतो. आश्रमाची वही मिशनऱ्यांच्या वंशावळीसारखी दिसू लागते आणि मुलाचा वंश मात्र पुसट होतो.

०

शरणपूरच्या मुलांना इतिहासात जागा मिळाली ती डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्यामुळे. १८६५ साली आफ्रिकेच्या आपल्या अखेरच्या प्रवासाची तयारी करताना ते मुंबईत होते. त्यांनी शरणपूरला जाऊ इच्छिणाऱ्या मुलांची मागणी केली आणि नऊ जण त्यांच्याबरोबर निघाले. पुढे १८७२ मध्ये आणखी काही तरुण त्यांच्या शोधार्थ व मदतीस गेले. त्यांत जेकब वेनराइट होता, मॅथ्यू वेलिंग्टन होता, कॅरस फॅरर होता.

लिव्हिंग्स्टन यांच्या अखेरच्या वर्षांच्या नोंदी होरेस वॉलर यांनी १८७४ साली संपादित करून प्रसिद्ध केल्या. शरणपूरच्या मुलांविषयी जगाचे जे मत बनले ते बव्हंशी या ग्रंथावरून. १८६६ च्या नोंदींत डॉक्टर या मुलांच्या आळसाविषयी, वाटेत रेंगाळण्याविषयी वारंवार तक्रार करतात. आश्रमाने त्यांना नाजूक करून ठेवले, असा त्यांचा सूर आहे. नऊ जणांपैकी अखेरपर्यंत टिकले ते दोघे : एडवर्ड गार्डनर आणि नॅथॅनिएल कुंबा. एवढेच वाचून पुस्तक मिटले, तर वाचकाला वाटेल की आश्रम फसला.

पण त्याच ग्रंथात, त्याच वर्षाच्या नोंदींत, एक प्रसंग आहे. सरोवराकडे जाताना मुक्काम पडलेल्या एका गावी अब्राहाम नावाच्या शरणपूरच्या तरुणाला गर्दीत आपला मामा भेटला. मामाकडून त्याला कळले की तो पळविला गेल्यानंतर त्याच्या आईला आणि दोन बहिणींनाही विकून टाकण्यात आले. मामाने त्याला राहण्याचा आग्रह केला, डॉक्टरांनीही केला. अब्राहाम राहिला नाही. जेथे आई नाही, बहिणी नाहीत, तेथे राहून आपण काय करायचे, असा त्याचा सवाल होता.

मला हा प्रसंग त्या साऱ्या ग्रंथाचा गाभा वाटतो, आणि लिहिणाऱ्याला तो तसा वाटलेला नाही. तो वाटेवरची एक नोंद म्हणून येतो आणि जातो. ज्या मुलाला रेंगाळणारा म्हटले आहे त्याच्या रेंगाळण्याचा अर्थ या प्रसंगाच्या उजेडात किती बदलतो! ज्या वाटेने त्यांना एकदा गळ्यात जोखड घालून समुद्राकडे हाकलले होते, तशाच वाटांनी हे तरुण परत आत चालले होते. त्यांची पावले जड झाली असतील, तर ते आश्रमाच्या शिक्षणाचे अपयश खचितच नव्हे. समीक्षक म्हणून माझी वॉलर यांच्या ग्रंथाविषयीची पहिली तक्रार हीच : त्यात या मुलांची वर्तणूक नोंदविली आहे, त्यांचे दुःख केवळ चुकून नोंदविले गेले आहे.

१ मे १८७३ च्या सुमारास, आजच्या झांबियात, चितांबो यांच्या गावी डॉक्टरांचा अंत झाला. त्यानंतर त्यांच्या सोबत्यांनी जे केले ते सर्वश्रुत आहे. त्यांनी त्यांचे हृदय तेथेच एका झाडाखाली पुरले, देह मीठ लावून उन्हात वाळविला, साल व कापडात गुंडाळला आणि सुमारे दीड हजार किलोमीटरचा मार्ग तुडवीत समुद्रापर्यंत वाहून नेला. सुसी आणि चुमा त्यांचे नायक होते. दफनाची प्रार्थना वाचली ती जेकब वेनराइटने, कारण त्याला वाचता येत होते. झाडाच्या खोडावर अक्षरे कोरली तीही त्यानेच. त्या लाकडाचा तुकडा पुढे लंडनला नेण्यात आला. त्यावर डॉक्टरांचे नाव आहे, तारीख आहे आणि तांड्यातील तीन प्रमुखांची नावे आहेत. कोरणाऱ्याचे नाव त्यावर नाही.

आपल्या वाचकांना एक गोष्ट विशेष वाटेल. फेब्रुवारी १८७४ मध्ये हा तांडा बागामोयो येथे पोहोचला, तेव्हा तो देह प्रथम विसावला तो कॅथलिक मिशनमध्ये. पवित्र आत्म्याच्या संघाच्या धर्मगुरूंनी १८६८ साली तेथे काम सुरू केले होते आणि गुलामगिरीतून सोडविलेल्या मुलांना ते सांभाळीत होते. एका प्रॉटेस्टंट प्रवाशाचा देह, त्याला वाहून आणणारा अँग्लिकन आश्रमातला तरुण आणि दार उघडणारे कॅथलिक धर्मगुरू, असे तिघे त्या रात्री एकत्र आले. पुढे जेकब देहासोबत इंग्लंडला गेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये शवपेटीच्या मानकऱ्यांत उभा राहिला. नाशिकला शिकलेला मुलगा इंग्लंडच्या राजांच्या स्मशानात!

त्याच सुमारास शरणपूरचा आफ्रिकन आश्रम मिटला. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर १८७२-७३ मध्ये गुलामांचा व्यापार बंद करविण्यासाठी झांझिबारला गेले होते. त्यांच्या शिफारशीमुळे मुक्त केलेल्या माणसांची वसाहत आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच करावी असा विचार बळावला. १८७४ च्या अखेरीस प्राइस मोंबासाला पोहोचले, शरणपूरची माणसे तिकडे गेली आणि फ्रीअर टाउन वसले. तेथे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. मुंबईत ते आफ्रिकन होते, आफ्रिकेत ते मुंबईकर झाले.

०

आता या इतिहासाच्या लेखकांकडे वळू. मला त्यांचे तीन वर्ग दिसतात.

पहिला वर्ग मिशनच्या लेखकांचा. त्यांची दृष्टी कृतज्ञतेची आहे. मूल अंधारातून आले, उजेडात वाढले, आणि आता उजेड घेऊन परत गेले, असा त्यांच्या कथनाचा ठराविक आकार असतो. त्यात खोटे काही नाही. पण या आकारात मुलाला एकच भूमिका उरते : आश्रमाच्या यशाचा दाखला होण्याची. दाखल्याला तक्रार करता येत नाही. फ्रीअर टाउनमधील कठोर शिक्षांचे प्रकरण लंडनपर्यंत गेले आणि प्राइस यांना १८८१ मध्ये पुन्हा तेथे जावे लागले. मुले मोठी होऊन बोलू लागली की हा आकार कसा अपुरा पडतो, हे तेव्हा दिसून आले.

दुसरा वर्ग लिव्हिंग्स्टन यांच्या चरित्रकारांचा. त्यांच्या दृष्टीने ही मुले म्हणजे एका थोर माणसाची निष्ठावंत सावली. वॉलर यांनी अखेरच्या प्रसंगांची माहिती सुसी व चुमा यांना विचारून घेतली आणि ती आपल्या भाषेत मांडली. याबद्दल त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. परंतु जेकबने स्वतः लिहिलेली एक दैनंदिनी होती! तांड्यातील आफ्रिकन माणसाने त्या घटनांविषयी स्वहस्ते लिहिलेली ती नोंद. १८७४ मध्ये तिचे जर्मन भाषांतर एका भूगोलविषयक नियतकालिकात आले; मूळ हस्तलिखित स्कॉटलंडमधील ब्लँटायरच्या लिव्हिंग्स्टन संग्रहालयात राहिले आणि २०१९ साली ते सर्वांना वाचता येईल अशा रूपात प्रसिद्ध झाले. ज्याला लिहायला शिकविल्याचा एवढा अभिमान बाळगला, त्याने लिहिलेले मूळ शब्द वाचकांपर्यंत यायला १४५ वर्षे लागली. आश्रमाच्या इतिहासावरची याहून कडक टीका मला सुचत नाही.

तिसरा वर्ग अलीकडचा आहे. झिंबाब्वेच्या लेखिका पेटिना गाप्पा यांची ‘आउट ऑफ डार्कनेस, शायनिंग लाइट’ ही इंग्रजी कादंबरी २०१९ मध्येच प्रसिद्ध झाली. डॉक्टरांचा देह वाहून नेण्याची ही कथा लेखिकेने दोन मुखांनी सांगितली आहे. पूर्वार्ध सांगते हलिमा ही तांड्यातली स्वयंपाकीण. उत्तरार्ध आहे जेकब वेनराइटच्या दैनंदिनीच्या रूपात. हलिमाची वाणी बोलकी, तिखट, चुलीजवळ बसून सांगावी तशी आहे; तिच्या तोंडून डॉक्टरही सामान्य माणूस होऊन येतात. जेकबची भाषा अगदी उलट : ताठ, पवित्र ग्रंथांच्या वळणाची, पल्लेदार. तो धर्मोपदेशक होण्याची आस बाळगतो आणि स्नानसंस्कार न झालेल्या सोबत्यांकडे वरून खाली पाहतो.

या कादंबरीचे मोठे श्रेय असे की तिने वाहून नेणाऱ्यांना बोलते केले. हलिमाला प्रथम बोलू देण्यात लेखिकेचा विवेक दिसतो, कारण जिला लिहिता येत नव्हते तिच्यापाशी सत्य नव्हते असे समजण्याचे कारण नाही. परंतु जेकबविषयी माझे मन पूर्णपणे लेखिकेच्या बाजूने जात नाही. त्याच्या भाषेचा ताठा वाचकाला हसवितो, मीही हसलो. नंतर मात्र मला ते हसू बोचू लागले. सेमिनरीत आमचे तत्त्वज्ञान व ईशज्ञान इंग्रजीतून झाले. गुरुदीक्षेनंतर गावी दिलेल्या पहिल्या प्रवचनात मी असे मराठी बोललो की घरी आल्यावर आई म्हणाली, ‘बाबा, बोललास छान, पण कुणाशी बोललास?’ ज्याची स्वतःची भाषा हिरावली गेली आहे त्याला मिळालेल्या पहिल्याच भाषेला तो घट्ट धरून ठेवतो. तिचा डौल हाच त्याचा कपडा असतो. त्या कपड्याला हसण्यापूर्वी तो नसता तर तो किती उघडा होता, हे आठवावे. गाप्पा यांनी जेकबच्या गर्वाचे चित्र उत्तम रेखाटले आहे. त्याच्या पोरकेपणाचे चित्र मला त्या मानाने फिके वाटले.

दुसरे असे की कादंबरीची सारी वाट आफ्रिकेतून जाते आणि शरणपूर तिच्यात जेकबच्या आठवणींतून येते. लेखिकेच्या विषयाला ते योग्यच आहे. मराठी वाचकाला मात्र तेथली पोकळी जाणवते. गोदावरीकाठच्या त्या गावात, लोहारशाळेच्या धगीत, ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली ही आफ्रिकन मुले एकमेकांशी कोणत्या भाषेत भांडली असतील? स्वप्न कोणत्या भाषेत पाहिले असेल? हे लिहिणे हलिमाच्या लेखिकेचे काम नव्हे. ते आपल्या भाषेतील लेखकाचे काम आहे.

०

शरणपूरची संस्था आपल्या संप्रदायाची नव्हती, म्हणून हे सारे अलिप्तपणे वाचण्याचा मोह आपल्याला होईल. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दाखविणाऱ्याने स्वतःच्या डोळ्यातले मुसळ पाहावे, हे आपल्याला शुभवर्तमानानेही शिकविले आहे आणि मराठी म्हणीनेही. त्याच काळात आपल्या ख्रिस्तसभेनेही अशी घरे उघडली. वांद्र्याची आजची प्रख्यात सेंट स्टॅनिस्लॉस शाळा १८६३ साली अनाथ मुलांचा आश्रम म्हणूनच सुरू झाली. दुष्काळ आणि साथी यांच्या काळात धर्मगुरूंनी व धर्मभगिनींनी वाचविलेल्या जिवांची मोजदाद कठीण आहे. आज मिशनऱ्यांना झोडपणे सोपे झाले आहे. भुकेल्या मुलाला उचलून घेणाऱ्या हातांवर घरबसल्या टीका करणे मला शोभणार नाही. माझा आक्षेप त्या हातांवर नाही, लेखणीवर आहे. आणि त्या लेखणीत माझीही आहे.

तरुण धर्मगुरू असताना एका मुलांच्या वसतिगृहाच्या महोत्सवी स्मरणिकेचे संपादन माझ्याकडे आले होते. मी मन लावून काम केले. महागुरूंचा संदेश, संस्थापकांचे चरित्र, इमारतीच्या विस्ताराचा आलेख, देणगीदारांची यादी, कोनशिलेचे छायाचित्र असे सगळे त्यात होते. प्रकाशनाच्या दिवशी पन्नाशी ओलांडलेला एक गृहस्थ अंक चाळीत उभा होता. तो लहानपणी तेथे दहा वर्षे राहिला होता. शेवटचे पान उलटून त्याने मला विचारले, ‘फादर, यात आम्ही कुठं आहोत?’ मी त्याला मुलांच्या समूहाचे एक जुने छायाचित्र दाखविले. त्याखाली छापले होते : ‘वसतिगृहातील मुले, प्रार्थनेच्या वेळी’. त्याने रांगेतला तिसरा मुलगा बोटाने दाखविला आणि अंक मिटला. रागावला नाही. तो रागावला असता तर मला बरे वाटले असते.

त्या दिवशी माझ्या लक्षात न आलेली गोष्ट शरणपूरने मला शिकविली. आश्रमाचा इतिहास हा संस्थापकांचा इतिहास नव्हे. संस्थापक दार उघडतात. आत जे घडते ते दारातून आत आलेल्या मुलाच्या आयुष्यात घडते, आणि त्याची साक्ष त्यालाच देता येते. ती साक्ष आपल्याला गोड वाटेल असे नाही. कोणी म्हणेल, मला येथे माया मिळाली. कोणी म्हणेल, मार मिळाला. कोणी म्हणेल, अन्न मिळाले पण नाव गेले. आश्रमाची खरी कसोटी ही की त्याच्या मुलाला ‘नाही’ म्हणण्याइतके बळ तेथे मिळाले का आणि ते ‘नाही’ लिहून ठेवण्याइतके मोठेपण संस्थेने दाखविले का. चांगला मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, असे योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू येशू सांगतो. ते नाव मेंढपाळाचे स्वतःचे नसते.

म्हणून आपल्या धर्मग्रामांना माझी एक विनंती आहे. आपल्याकडे शाळांचे, वसतिगृहांचे, आश्रमांचे महोत्सव येतच राहणार आणि स्मरणिका निघतच राहणार. देणगीदारांची यादी जरूर छापा. पण त्याआधी तेथे वाढलेल्या माणसांना शोधा, त्यांच्यासमोर कोरा कागद ठेवा आणि ते लिहितील ते काट न मारता छापा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे बोलणे कोणीतरी उतरवून घ्या. स्नानसंस्काराच्या जुन्या वहीत मुलाचे आधीचे नाव कोठे समासात लिहिलेले सापडले, तर ते समासातून बाहेर काढा.

०

त्या भगिनीच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी तिला दिले ते असे. शरणपूरचे विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांच्या हस्ते दीक्षा मिळाली. त्याच वर्षी हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारले गेले, तेव्हा मागे राहिलेल्या तांड्याला जोन्सने सुखरूप किनाऱ्यावर परत आणले. जेकब वेनराइट १८९२ मध्ये आजच्या टांझानियातील उरांबो येथे वारला. मॅथ्यू वेलिंग्टन सर्वांत दीर्घायुषी. तो १९३५ मध्ये मोंबासाला वारला. लिव्हिंग्स्टन यांचा देह वाहणाऱ्यांपैकी एक म्हणून लोक त्याला अखेरपर्यंत भेटायला येत.

तिने सारे शांतपणे ऐकले आणि विचारले, ‘पण फादर, ही तर सगळी साहेबांची नावं. त्यांची स्वतःची?’

बहुतेकांची मला सांगता आली नाहीत. एक सांगता आले. मॅथ्यू वेलिंग्टन व्हायच्या आधी त्या मुलाचे नाव चेंगविंबे होते. ती ते नाव एकदा सावकाश म्हणाली, आणि मी ते या लेखासाठी लिहून ठेवले.